भुकेचे केंद्र

दिल्लीत सरकारी नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाच्या तोंडी 'केंद्र' हा शब्द फार लवकर रुळतो. आपण केंद्राचे नोकर, आपला महागाईभत्ता केंद्राचा, आपली बदली केंद्राच्या मर्जीवर. गावाकडची मंडळीदेखील 'आमचा अमुक केंद्रात आहे' असे काहीशा अभिमानाने सांगतात, आणि मग आपल्यालाही नकळत वाटू लागते की सारे हुकूम येथून सुटतात व उरलेला देश ते पाळतो. सचिवालयात चार-दोन वर्षे काढली की हा भ्रम ओसरतो. जिल्ह्यातून अहवाल आला नाही तर दिल्लीतील टेबल मुके असते, हे ज्याने फाइली हाताळल्या त्याला निराळे सांगावे लागत नाही. आपल्या शरीराविषयी मात्र हाच भ्रम आपण जन्मभर बाळगतो. मेंदू हा राजा, अवयव हे त्याचे चाकर आणि मनाने निश्चय केला की देहाने तो मानलाच पाहिजे, अशी आपली समजूत असते. माझी ही समजूत कशी गेली, आणि ती घालविणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग आमच्या बिऱ्हाडापासून मैलभर अंतरावर कसा घडला होता, हे येथे सांगावयाचे आहे.

१९७९ च्या हिवाळ्यात आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहत होतो. झाशीच्या राणीचे नाव लाभलेली ही सरकारी वसाहत; पाकिटावर तो पत्ता लिहिताना देखील घर जवळ असल्याचा भास होई. त्या वर्षी वाईहून आईवडील आमच्याकडे राहावयास आले आणि महिन्याच्या आत अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. जवळच्याच एका इस्पितळात उपचार झाले. बोलणे बरेचसे परतले, हातात थोडे बळ आले, गिळण्यात काही अडचण नाही असेही डॉक्टरांनी तपासून सांगितले. पण अण्णा जेवेनात. ज्या माणसाने आयुष्यभर ताटात शीत टाकले नाही, तो मेतकूट-भाताच्या दोन घासांनंतर तोंड फिरवू लागला. 'भूक नाही' एवढेच म्हणे. आई समोर बसून विनवी, "अहो, जरा मन घट्ट करा, दोन घास खा." मग उठून स्वयंपाकघरात येऊन मला म्हणे, "हट्ट आहे हो नुसता. परक्या गावी आणले म्हणून रुसले आहेत." खरे सांगावयाचे तर मलाही तसेच वाटत होते आणि एकदा तर मी त्यांच्यावर आवाजही चढविला.

एका संध्याकाळी हे सारे मी तेथल्या एका तरुण डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "आईंना सांगा, याला हट्ट म्हणू नका. भूक पोटात लागते असे आपण म्हणतो, पण ती लागते डोक्यात. आणि डोक्यात कोठे, याचा शोध लावणारे गृहस्थ येथून हाकेच्या अंतरावर प्राध्यापक होते." त्या एका वाक्याचा मागोवा मी पुढे कितीतरी वर्षे घेत राहिलो.

भूक पोटातली, ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. पोटात कावळे ओरडतात, जठराग्नी भडकतो, पोटात आग पडते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचीही प्रथम हीच धारणा होती. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न या त्यांच्या सहकाऱ्याने रबरी फुगा गिळला. तो एका नळीने लेखणीला जोडलेला होता. भुकेची कळ आली की त्याच सुमारास जठर आकुंचन पावते, असे त्या लेखणीने कागदावर दाखविले. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. परंतु ज्या रोग्यांचे जठर शस्त्रक्रियेने काढून टाकले होते त्यांनाही भूक लागत होती. दुसरीकडे, मेंदूच्या तळाशी गाठ झालेली काही माणसे अतोनात लठ्ठ होतात, हेही वैद्यांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होते. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदराच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाच्या भागात, मध्यरेषेजवळ, दोन्ही बाजूंना बारीकशी इजा केली, तेव्हा ते उंदीर फुगत गेले. हायपोथॅलॅमस हा माणसातही बदामाएवढाच तुकडा आहे. टाळूच्या वर, मेंदूच्या अगदी तळाशी तो दडलेला असतो.

येथे बाळकृष्ण आनंद हे नाव या इतिहासात येते. १९१७ साली लाहोरात जन्मलेले आनंद फाळणीनंतरच्या काळात दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवीत होते. १९५० च्या सुमारास ते अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करण्यास गेले. उंदराचे डोके चौकटीत पक्के बसवून, केसासारखी बारीक तार मोजून मापून मेंदूत उतरवावयाची आणि विजेच्या सौम्य प्रवाहाने टाचणीच्या डोक्याएवढी जागा निकामी करावयाची, असे हे जिकिरीचे काम होते. मध्यरेषेपासून थोडे बाजूला सरकून त्यांनी दोन्हीकडची एकेक जागा निकामी केली, आणि त्या उंदरांनी खाणे साफ सोडले. पुढ्यात अन्न होते, दात शाबूत होते, पोट रिकामे होते; तरी ते उपाशी मेले. एकाच बाजूची जागा निकामी केली तर मात्र तसे होत नसे. १९५१ साली हा शोध प्रसिद्ध झाला. बाजूच्या जागेला भुकेचे केंद्र आणि मधल्या जागेला तृप्तीचे केंद्र ही नावे रूढ झाली.

यापुढचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. दोन्ही केंद्रे एकदम निकामी केली तर उंदीर लठ्ठ होईल की उपाशी मरेल? तो उपाशी राहिला. याचा अर्थ असा लावण्यात आला की तृप्तीचे केंद्र स्वतः काही करवीत नाही, ते भुकेच्या केंद्राला फक्त आवरते. ज्याला आवरावयाचे तेच उरले नाही, तर आवरणाऱ्याला काम उरत नाही.

'आवरणे' म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी मज्जापेशींची भाषा थोडी जाणून घेतली पाहिजे. मज्जातंतूतून जाणारा संदेश मोजता येणार नाही इतका वेगवान असावा, असे योहानेस म्यूलर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते. त्यांचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या तंतूवर तो वेग मोजला, आणि तो सेकंदाला सुमारे तीस मीटर भरला; आगगाडीने गाठावा असा. माणसाच्या जाड तंतूंत तो शंभर मीटरांच्या वर जातो, तर बारीक तंतूंत सेकंदाला मीटरभरच असतो. ठेच लागताच प्रथम तीक्ष्ण कळ येते आणि जरा वेळाने ठणका सुरू होतो, त्याचे कारण हेच की दोन्ही वार्ता निरनिराळ्या तारांवरून येतात.

मेंदू हे सलग जाळे नसून सुट्या पेशींचा समुदाय आहे, हे स्पेनमधील काहाल यांनी दाखविले. पेशी रंगविण्याची युक्ती इटलीतील गॉल्जी यांची होती. १९०६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गॉल्जी यांनी त्या प्रसंगीच्या व्याख्यानातच काहालांच्या मताला विरोध केला! आज माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असल्याची गणना आहे. दोन पेशींमध्ये सूक्ष्म फट असते. तिच्या सांध्याला शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये सिनॅप्स हे नाव दिले. पेशीच्या तंतूतून विजेचा ठोका धावतो, आणि फटीपाशी बहुधा रासायनिक द्रव्य सोडून तो पुढच्या पेशीला वार्ता देतो. एड्रियन यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले की एका तंतूतील प्रत्येक ठोका सारख्याच उंचीचा असतो. मंद स्पर्शाला लहान ठोका आणि जोराच्या स्पर्शाला मोठा ठोका, असे नसते. जोर वाढला की ठोके अधिक भराभर येतात. २०१३ पर्यंत चालू असलेल्या आपल्या तारखात्याला निदान टिंब आणि रेघ अशा दोन खुणा होत्या. मज्जातंतूला एकच खूण आहे. संदेशाचा अर्थ ठरतो तो, ठोके किती दाट आहेत आणि कोणत्या तारेवरून आले आहेत, यावरून.

मात्र फटीपाशी सोडलेले द्रव्य दोन तऱ्हांचे काम करू शकते. काही संदेश पुढच्या पेशीला उठवितात, काही तिला गप्प करतात. एका पेशीवर असे हजारो सांधे असतात. होकार आणि नकार यांची बेरीज ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली तरच ती पेशी ठोका देते, एरवी नाही. फाइलीवर खालून वरपर्यंत 'करावे', 'करू नये' असे शेरे पडत जावेत आणि शेवटी त्यांच्या वजनावर निर्णय व्हावा, तसा हा प्रकार आहे. चटका बसताच हात मागे येतो, तो मेंदूला कळण्यापूर्वी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या हुकमाने. पण हातात पाहुण्यांसाठी आणलेला गरम चहाचा कप असेल तर आपण ओठ चावून तो खाली ठेवीपर्यंत धरतो. कारण वरून आलेला नकार त्या खालच्या हुकमाला थोपवितो. वरिष्ठांचे बरेचसे काम असे थोपविण्याचेच असते, हे वाचकांतील अधिकाऱ्यांना पटण्यासारखे आहे.

आता पुन्हा दिल्लीकडे वळू. लक्ष्मीबाई नगरातून अरविंद मार्गावर येऊन दक्षिणेस निघाले आणि मुद्रिका मार्ग ओलांडला, की डाव्या हाताला अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था लागते. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी तिचा ध्यास घेतला होता. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने पैसा दिला, १९५२ मध्ये पायाभरणी झाली आणि १९५६ मध्ये संसदेच्या कायद्याने संस्था अस्तित्वात आली. तिच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची धुरा आनंद यांच्याकडे आली. तेथे छिना आणि बलदेव सिंग या सहकाऱ्यांसह त्यांनी केंद्रांना इजा करण्याऐवजी त्यांचे बोलणे ऐकण्यास आरंभ केला. १९६२ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी प्रसिद्ध केले की रक्तात ग्लुकोज सोडले असता तृप्तीच्या केंद्रातील पेशींचे ठोके वाढतात आणि भुकेच्या केंद्रातील कमी होतात. म्हणजे केंद्र स्वतःच्या मनाने भूक ठरवीत नव्हते. ते रक्ताने आणलेला अहवाल वाचीत होते.

पोटाकडून येणारा अहवाल दुसऱ्या एका भारतीयाने ऐकला. अवतारसिंग पैंटल हे त्यांचे नाव. जन्म १९२५, ब्रह्मदेशातील मोगोक येथे. जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जेतील एकेक तंतू सोडवून त्यातील ठोके त्यांनी नोंदविले. १९५४ साली त्यांनी दाखविले की जठर ताणले गेले की त्याच्या भिंतीतील विशिष्ट टोके ठोके पाठवू लागतात. पोट भरल्याची वार्ता ती हीच. पुढच्याच वर्षी त्यांना फुप्फुसांत आणखी एका जातीची टोके आढळली, जी पुढे 'जे' ग्राहक म्हणून जगभर ओळखली गेली. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांभोवती पाणी साठू लागले की ती जागी होतात. मग धाप लागते, आणि पैंटल यांच्या मताप्रमाणे पायांतील स्नायूंनाही आवर बसतो, जेणेकरून माणसाने थांबावे. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान एकदम हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले, आणि त्यांच्यापैकी काहींच्या फुप्फुसांत पाणी झाले. अशा जवानाचे पाय लटपटतात तेव्हा त्याला कच्च्या मनाचा समजणे हा अन्याय आहे. त्याची फुप्फुसेच त्याला 'थांब' म्हणत असतात. पैंटल पुढे दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत काम करीत राहिले आणि १९८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

येथे कोणी विचारील, मग मनोनिग्रहाचे काय? आपल्या देशात योगी हृदय थांबवितात असे ऐकत आलो, ते सारे खोटे काय? हा प्रश्नही याच मंडळींनी टाळला नाही, आणि त्याच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी चमत्काराचा आधार न घेता मोजून दाखविले. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बसुकुमार बागची हे दोघे योग्यांची तपासणी करण्यास भारतात आले, ते लोणावळ्यासही गेले. हृदयावरील ताब्याविषयीच्या प्रयोगांत आनंद त्यांच्याबरोबर होते. १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून छाती व पोट आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मनगटाची नाडी हाताला लागत नाही, स्नायूंच्या आवाजात हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. पण विद्युत् आलेखावर हृदय आपले काम करीतच असते. हृदयाला थेट हुकूम देणारी तार मनापाशी नाही. मन वळसा घेऊन, आपल्या ताब्यातील स्नायूंच्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचते.

परंतु त्याच वर्षी आनंद, छिना व सिंग यांनी दुसरी नोंद प्रसिद्ध केली, ती तितकीच प्रामाणिक होती. शांत जागेपणी मेंदूच्या आलेखावर आल्फा नावाच्या सावकाश लहरी उमटतात आणि प्रकाश, आवाज वा चटका यांनी त्या मोडतात. ध्यानस्थ योग्यांच्या बाबतीत असे धक्के देऊनही त्या मोडल्या नाहीत. दोघा योग्यांनी चार अंशांच्या थंड पाण्यात पाऊण तास व त्याहून अधिक हात ठेवला, तेव्हाही लहरी तशाच राहिल्या. दीर्घ अभ्यासाने मन बाहेरच्या वार्तांना आवर घालू शकते, एवढे यावरून दिसले. ज्यांना योग्यांची टवाळी करावयाची होती आणि ज्यांना आरती ओवाळावयाची होती, त्या दोघांचीही या नोंदींनी निराशा केली असावी.

मात्र 'केंद्र' या कल्पनेला पुढे बराच मुरड घालावी लागली. १९६२ मध्ये टाइटेलबॉम आणि एप्स्टाइन यांनी दाखविले की भुकेचे केंद्र गमावलेल्या उंदरांना नळीने अन्नपाणी देऊन जगविले, तर ते हळूहळू पायरीपायरीने पुन्हा खाऊ लागतात. केंद्र नष्ट झाले असता भूक परतली कोठून? १९७१ साली स्वीडनमधील उंगरस्टेट यांनी दाखविले की त्या जागेजवळून जाणारे, डोपमिन हे द्रव्य वापरणारे तंतू तोडले तरी प्राणी खाणे सोडतो. म्हणजे तारेच्या सुईने कचेरीबरोबर तिच्या दारावरून जाणारा हमरस्ताही उखडला गेला होता. पुढे १९९४ मध्ये शरीरातील चरबीच आपल्या साठ्याची वर्दी लेप्टिन या द्रव्याने मेंदूला देते हे कळले, आणि १९९९ मध्ये रिकाम्या जठरातून घ्रेलिन स्रवते असे आढळले. १९९८ मध्ये त्याच बाजूच्या जागेत ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशीही मिळाल्या. तेव्हा आनंद यांनी दाखविलेली जागा चुकीची होती असे मुळीच नव्हे. ती जागा महत्त्वाची आहेच. पण हुकूम जेथे जन्मतो असे ते सिंहासन नसून, पोट, रक्त, चरबी, नाक, डोळे आणि आठवणी यांची टपाले जेथे एकत्र येतात असा तो नाका आहे. मनाचा निश्चय हेही त्यांतलेच एक टपाल. ते पोहोचते, पण एकटे त्याच्याने निकाल लागत नाही.

अण्णांना इस्पितळातील डॉक्टरांनी काही आठवडे नाकातून नळी घालून अन्न दिले. त्या आठवड्यांत आईने त्यांना एकदाही 'मन घट्ट करा' म्हटले नाही. डॉक्टरांचे बोलणे मी तिला माझ्या परीने समजावून सांगितले होते. त्यातील किती तिला कळले ते मी विचारले नाही. ती फक्त रोज संध्याकाळी शेगडीवर काहीतरी करी, त्याचा वास खोलीत जाऊ देई आणि वाटी समोर ठेवून गप्प बसे. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, आणि अण्णा कशाने सावरले हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. नळी निघाल्यावर फाल्गुनात एके दिवशी त्यांनी आपण होऊन विचारले, "आज पिठले आहे का?"

त्यांनी चार घास खाल्ले. आई पदराने डोळे पुसत आत गेली. मला मात्र, ज्या दिवशी मी त्यांच्यावर आवाज चढविला होता तो दिवस आठवला. त्यांची क्षमा मागावयाची तेव्हा राहून गेली, ती राहिलीच. म्हणून आपल्या घरी कोणी आजारी वडीलधारे ताट सारून बसले, तर त्यांना हट्टी म्हणण्यापूर्वी वाचकांनी क्षणभर थांबावे, एवढ्यासाठीच हा जुना इतिहास येथे मांडला.